रोरी गॅलाहरची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज (१९६९ ते १९७४): स्टुडिओ ऐकावा की लाइव्ह, आणि तो आवाज कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा: गिटार बऱ्यापैकी वाजवता येते, बारा बारचा ब्लूज हातात बसलेला आहे, ‘आयरिश टूर’ हा लाइव्ह अल्बम ऐकून आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहर डोक्यात शिरला. मग मागे जाऊन त्याचे पहिले स्टुडिओ अल्बम घेतले, तर ते फिके वाटले. नक्की कुठली रेकॉर्डिंग्ज ऐकावीत, कुठल्या क्रमाने, आणि तो गिटारचा चिरत जाणारा आवाज घरच्या ॲम्पवर कसा मिळवावा?

फिके वाटतात, कारण ते अल्बम म्हणून सलग ऐकले जातात. गॅलाहरचं या काळातलं काम गाण्यागणिक आणि जोडीने ऐकायचं असतं: आधी स्टुडिओतलं, लगेच त्याच गाण्याचं मंचावरचं. स्टुडिओत गाण्याचा सांगाडा कळतो. मंचावर तो सांगाडा न मोडता किती ताणता येतो ते कळतं. गिटार शिकणाऱ्याला खरी शिकवण या दोहोंमधल्या फरकात मिळते.

आधी काळाचा हिशेब. गॅलाहर आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅननचा, १९४८चा जन्म, वाढला कॉर्क शहरात. कॉर्कमध्येच १९६६ साली त्याने ‘टेस्ट’ हे त्रिकूट उभं केलं. १९६८ मध्ये त्यात बेसवर रिचर्ड मॅक्रॅकन आणि ड्रम्सवर जॉन विल्सन आले. त्याच नोव्हेंबरात क्रीम या ब्रिटिश त्रिकुटाच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या निरोपाच्या मैफलीआधी टेस्ट वाजले. पहिला अल्बम ‘टेस्ट’ १९६९चा, दुसरा ‘ऑन द बोर्ड्स’ १ जानेवारी १९७०चा. १९७०च्या अखेरीस बँड फुटला. मग गॅलाहर स्वतःच्या नावाने उभा राहिला, बेसवर गेरी मॅकअवॉय आणि ड्रम्सवर विल्गर कॅम्पबेलला घेऊन. १९७१ मध्ये दोन स्टुडिओ अल्बम (‘रोरी गॅलाहर’ मे महिन्यात, ‘ड्यूस’ नोव्हेंबरात), १९७२ मध्ये ‘लाइव्ह इन युरोप’, १९७३ मध्ये ‘ब्लूप्रिंट’ आणि ‘टॅटू’, १९७४ मध्ये ‘आयरिश टूर’. चार वर्षांत सहा अल्बम, आणि सगळ्यांच्या मधल्या फटीत सतत दौरे. ही घाई ध्यानात ठेवली की स्टुडिओतली कामं इतकी कोरडी आणि सरळ का आहेत ते उमगतं.

ऐकण्याची पहिली जोडी ‘लाँड्रोमॅट’ची घ्या. पहिल्या एकल अल्बमची सुरुवातच या गाण्याने होते. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत एडी ऑफर्ड या इंजिनिअरने ते टिपलं. तिथे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी गिटारची ओळ) नेटका आहे, गिटारचा आवाज आवरलेला आहे. तेच गाणं ‘लाइव्ह इन युरोप’वर ऐका. लांबी फारशी वाढत नाही, रिफही तोच, पण दोन ओळींच्या मधल्या जागांत गिटार काय भरते ते बघा. त्रिकुटात गिटारवादक सोलोला गेला की मागे कॉर्ड धरणारं कुणीच उरत नाही. गॅलाहर ती पोकळी दोन-तीन सुरांच्या फटक्याने भरतो, लगेच अर्धा कॉर्ड टाकतो आणि परत सुरावटीत जातो. हे गाणं हाताखालून घालताना आधी फक्त रिफ आणि गाणं एकत्र म्हणायचा सराव करा. बहुतेकजण थेट सोलोकडे धावतात आणि बँडमध्ये उभे राहिले की मधल्या जागा रिकाम्या पडतात.

दुसरी जोडी ‘इन युअर टाउन’. ‘ड्यूस’वर ते पावणेसहा मिनिटांच्या आसपास आहे, ‘लाइव्ह इन युरोप’वर दहा मिनिटांचं होतं. स्लाइडचं (तारांवरून नळी सरकवत वाजवायचं) गाणं आहे आणि ते वाढतं ते जास्त सूर घालून नव्हे, तर आवाजाची पातळी खाली उतरवून. मधेच बँड जवळजवळ कुजबुजीवर येतो, मग पायरी-पायरीने चढतो. तरुण बँड हे गाणं करताना पहिल्या मिनिटालाच वरच्या पातळीवर जातात आणि मग चढायला जागाच उरत नाही. पहिल्या कडव्यात गिटारचा व्हॉल्यूम नॉब पाचच्या वर न्यायचा नाही, एवढी एक शिस्त पाळली तरी अर्धं काम होतं.

तिसरी जोडी सगळ्यात श्रीमंत आहे: ‘अ मिलियन माइल्स अवे’. ‘टॅटू’वरची स्टुडिओतली प्रत सुमारे सात मिनिटांची, ‘आयरिश टूर’वरची साडेनऊच्या आसपास. तोवर ड्रम्सवर रॉड डीएथ आणि कीबोर्डवर लू मार्टिन आलेले होते. मागे ऑर्गन-पियानोची गादी मिळाल्यामुळे गॅलाहरला गिटार थांबवता येते. त्या थांबण्यात त्याची सगळी कमाल आहे. मंचावरच्या प्रतीत व्हॉल्यूम नॉबवरच्या करंगळीने सूर उमलवलेले ऐका: तार आधी छेडलेली असते, आवाज नंतर वर येतो. त्याच अल्बमवर ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ सातवरून अकरा मिनिटांवर जातं आणि ‘हूज दॅट कमिंग’ साडेचारवरून दहावर. माझ्या मते ‘आयरिश टूर’ हा या सगळ्या काळाचा कळस आहे, आणि तो ऐकायचा खरा क्षण ‘ब्लूप्रिंट’ व ‘टॅटू’ पाठ झाल्यानंतर येतो.

उलटी जोडीही आहे. ‘सिनर बॉय’ आधी मंचावर आलं: २८ ऑगस्ट १९७० रोजी आइल ऑफ वाइट महोत्सवात टेस्टने ते वाजवलं, आणि स्टुडिओत ते पुढच्या वर्षीच्या एकल अल्बमवर आलं. इथे मंचावरची प्रत आडदांड आहे आणि स्टुडिओतली तासून काढलेली. त्यानंतर तीनच दिवसांनी माँत्रो इथे टेस्टचं आणखी एक ध्वनिमुद्रण झालं, ते ‘लाइव्ह टेस्ट’ नावाने निघालं. ‘शुगर मामा’ आणि ‘कॅटफिश’ दोन्हीकडे आहेत, तेव्हा एकाच आठवड्यातल्या दोन रात्रींची तुलना करता येते. बँड फुटण्याच्या बेतात होता. विल्सनचा ड्रम गिटारशी चढाओढ करतो आणि ती ओढाताण ऐकण्यासारखी आहे. ‘ऑन द बोर्ड्स’ मात्र फक्त ब्लूजसाठी ऐकू नका. त्यात गॅलाहर आल्टो सॅक्सोफोन वाजवतो, जॅझकडे झुकतो, आणि पुढच्या त्याच्या सोलोंमधली लांब, श्वास घेऊन म्हटल्यासारखी वाक्यं कुठून आली याचा तिथे पत्ता लागतो.

‘ड्यूस’बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवख्याला तोच सगळ्यात खडबडीत वाटतो. पहिला अल्बम जरा जास्तच नीटनेटका झाला असं गॅलाहरला वाटत होतं. म्हणून तो लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या टँजरिन या छोट्या स्टुडिओत गेला आणि मैफलींच्या आगेमागे, अंगात कार्यक्रमाची धग असताना मुद्रण केलं. आवाज दाटलेला, गाण्याचे शब्द काही ठिकाणी वाद्यांत बुडालेले. पण ‘क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’मधली स्लाइड ऐका, म्हणजे तो धोका पत्करण्याजोगा होता हे पटेल. हेडफोनपेक्षा स्पीकरवर, जरा मोठ्याने ऐकला तर हा अल्बम उलगडतो.

आता आवाज. १९६१ची सनबर्स्ट स्ट्रॅटोकॅस्टर त्याने १९६३ साली कॉर्कमधल्या क्राउलीच्या दुकानातून १०० पौंडांना, हप्त्यांवर घेतली. त्याच्या घामाने तिचा रंग उडाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती लिलावात ८,८९,४०० पौंडांना गेली आणि खरेदीदाराने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. पण त्या आवाजाला जुनीच स्ट्रॅट लागते असं नाही. साखळी अशी: स्ट्रॅट, डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर, आणि व्हॉक्स एसी ३० ॲम्पची नॉर्मल चॅनल. सत्तरच्या दशकात पुढे फेंडरचे ॲम्पही आले, पण टेस्टपासून ‘लाइव्ह इन युरोप’पर्यंतच्या आवाजाचा गाभा हाच. क्वीनच्या ब्रायन मेने ऐन तारुण्यात गॅलाहरलाच विचारून हीच जोडी उचलली.

सर्वांत जास्त चूक होते ती इथे. ट्रेबल बूस्टर हे नाव वाचून लोक तो स्वच्छ आवाजाच्या ॲम्पमध्ये जोडतात. मिळतं ते कानात टोचणारं, कोरडं. बूस्टर स्वतः फार थोडी विकृती (डिस्टॉर्शन) देतो. त्याचं काम खालचे सूर कापून मधले आणि वरचे सूर ढकलत ॲम्पच्या व्हॉल्व्हना (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांना) तोडायला, म्हणजे आवाज फाटायला लावणं हे आहे. म्हणून ॲम्प आधीच तुटण्याच्या काठावर हवा. एसी ३० मध्ये चार ईएल ८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नाही. त्यामुळे तो लवकर आणि गोड तुटतो. नॉर्मल चॅनल मुळातच जराशी जाड आहे, तिला बूस्टरचा ट्रेबल सोसतो. टॉप बूस्ट या जास्त ट्रेबलच्या चॅनलला हाच बूस्टर लावला की आवाज काचेसारखा होतो. ॲम्पवरचा ‘कट’ नॉब विसरू नका. तो उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो, वाढत नाही. आधी तो मध्यावर ठेवा आणि कानाला टोचणं थांबेपर्यंत पुढे न्या.

घरात ३० वॉट शक्य नाहीत. चार किंवा दहा वॉटचा ईएल ८४ वर चालणारा छोटा ॲम्प चालेल. ट्रान्झिस्टर ॲम्प असेल तर बूस्टरनंतर हलकासा ओव्हरड्राइव्ह ठेवा, गेन कमी, व्हॉल्यूम जास्त, म्हणजे बूस्टरला ढकलायला काहीतरी मिळतं. सॉफ्टवेअर वापरत असाल तर एसी ३० च्या मॉडेलमध्ये नॉर्मल चॅनल निवडा. बऱ्याच तयार सेटिंगमध्ये टॉप बूस्टच लावलेला असतो.

रेंजमास्टर स्वतः बांधणं अवघड नाही, भाग मोजके आहेत. एक जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टर (मूळचा ओसी ४४), ४७० किलोओहम आणि ६८ किलोओहमचे बायस रेझिस्टर, एमिटरला ३.९ किलोओहम आणि त्याच्याशी समांतर ४७ मायक्रोफॅरॅड, इनपुटला ५ नॅनोफॅरॅड (४.७ सहज मिळतो), आउटपुटला १० नॅनोफॅरॅड, आणि कलेक्टरवर १० किलोओहमचा पॉट. ९ व्होल्टची बॅटरी. ओसी ४४ मिळणं कठीण. जुन्या रेडिओंत सापडणारे एसी १२६ किंवा एसी १२८ चालतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर कधी कधी हाती लागतात. पण प्रत्येक नग मोजून घ्या. गेन ७० ते १०० च्या दरम्यान हवा आणि गळती (बेसला काही न देताही वाहणारा प्रवाह) २०० मायक्रोॲम्पिअरच्या आत. गळती जास्त असलेला ट्रान्झिस्टर साध्या मीटरवर खोटाच मोठा गेन दाखवतो, त्याला भुलू नका.

जोडणीत दोन गोष्टी चुकतात. पहिली, या सर्किटमध्ये बॅटरीची धन बाजू ग्राउंडला असते. एमिटरच्या कपॅसिटरचं धन टोकही ग्राउंडकडेच. त्यामुळे बाकीच्या पेडल्सच्या सामाईक अडॅप्टरवर हा लावला तर सरळ शॉर्ट होतो. वेगळी बॅटरी किंवा पूर्ण विलग आउटपुट असलेला पुरवठा हवा. दुसरी, गिटार आणि बूस्टर यांच्यामध्ये बफर (पिकअपला पुढच्या भारापासून वेगळं ठेवणारं सर्किट) असलेलं काहीही ठेवायचं नाही, ट्यूनरसुद्धा नाही. बूस्टरचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो आणि तो थेट पिकअपवर भार टाकतो. त्यामुळेच गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज स्वच्छ आणि चमकदार होतो. मध्ये बफर आला की ही सगळी जादू जाते आणि उरतो नुसता कर्कश आवाज. ट्यूनर बूस्टरनंतर लावा.

बांधून झाला की मल्टिमीटरची लाल तार ग्राउंडला, काळी कलेक्टरला लावा. साडेसहा ते सात व्होल्ट दिसले की ठीक. इथे आपल्या हवेचा थेट संबंध येतो: जर्मेनियमची गळती उष्णतेने वाढते. डिसेंबरात पुण्यात जुळवलेला बूस्टर मे महिन्यात कोकणात, पंख्याखालच्या मंचावर, पाच व्होल्टच्या खाली घसरू शकतो. मग सूर मरताना फरफर ऐकू येते आणि टिकाव कमी होतो. उपाय म्हणजे ६८ किलोओहमच्या जागी १०० किलोओहमचा ट्रिमर बसवायचा आणि उन्हाळ्यात तो थोडा कमी करून कलेक्टर पुन्हा सातच्या आसपास आणायचा. पेडल ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचं नाही, तिथे व्हॉल्व्हची ऊब लागते. सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर हा त्रास नाही, पण आवाज कडक होतो. तेव्हा कलेक्टर आणि बेसच्या मध्ये १०० पिकोफॅरॅड लावून वरची धार बोथट करावी लागते.

गिटारवर पुढचं सगळं हातात आहे. त्या काळच्या स्ट्रॅटला तीन जागांचा स्विच होता. तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र करणं हा तेव्हाचा रिवाज, आज पाच जागांच्या स्विचवर तो दुसऱ्या आणि चौथ्या जागी मिळतो. ताल धरताना नॉब चार ते सहा, सोलोला दहा. ब्रिज पिकअपवर टोन नॉब चालत नसेल (जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये चालत नाही) तर तेवढी एक तार बदलून घ्या, कारण गॅलाहर करंगळीने टोन नॉब फिरवून वाह पेडलसारखा आवाज काढतो आणि ते ब्रिजवर जमलं पाहिजे. किंचाळणारे हार्मोनिक प्लेक्ट्रम बोटात अगदी आखूड धरून येतात: प्लेक्ट्रम तारेवरून गेल्याबरोबर अंगठ्याची कड तारेला क्षणभर शिवते. सूर उमटला नाही तर डावा हात तसाच ठेवून उजवा हात पिकअपवरून अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवत जा. कुठेतरी तो नक्की फुटतो, आणि प्रत्येक सुरासाठी ती जागा वेगळी असते.

स्लाइडसाठी वेगळी गिटार ठेवता आली तर फार बरं. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर, तारा ११ च्या गेजच्या. ओपन ए (मोकळ्या तारांवरच ए कॉर्ड वाजेल अशी जुळवणी) साठी डी, जी आणि बी या तिन्ही तारा एकेक पूर्ण स्वर चढवाव्या लागतात, त्यात जाड गेज असेल तर गिटारची मान ओढली जाते. ओपन जी मध्ये उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला तर तेच सूर कमी ताणात मिळतात. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी. नेहमीच्या सवयीने ती मागे ठेवली की प्रत्येक सूर उतरलेला येतो. स्लाइडच्या मागचं बोट तारांवर हलकं टेकलेलं ठेवा, नाहीतर मागचा खडखडाट बूस्टर दुप्पट करून ऐकवतो.

अकूस्टिक बाजू वगळू नका. ‘लाइव्ह इन युरोप’वर ‘पिस्टल स्लॅपर ब्लूज’ हे ब्लाइंड बॉय फुलरचं गाणं तो एकटा वाजवतो. लगेच मँडोलिनवर ‘गोइंग टू माय होम टाउन’ येतं आणि टाळ्या-पावलांनीही ताल धरला जातो. उजव्या हाताचा अंगठा स्वतंत्र चालवायला शिकल्याशिवाय त्याच्या इलेक्ट्रिक वादनातली कॉर्ड आणि सूर एकत्र टाकण्याची रीत हाती लागत नाही.

‘आयरिश टूर’चं मुद्रण जानेवारी १९७४ मधलं, बेलफास्टचा अल्स्टर हॉल, डब्लिनचं कार्लटन सिनेमागृह आणि कॉर्कचा सिटी हॉल इथलं, रॉनी लेनच्या फिरत्या स्टुडिओवर केलेलं. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारामुळे दौऱ्यावरचे बहुतेक बँड बेलफास्ट टाळत होते, गॅलाहर जात राहिला. श्रोत्यांच्या आरोळ्यांमध्ये ती कृतज्ञता ऐकू येते. त्याच दौऱ्यावर टोनी पामरने माहितीपट केला. उजव्या हाताच्या हालचाली पाहण्यासाठी तो जरूर बघा.

विकत घेताना इतकं पाहा. ‘लाइव्ह इन युरोप’च्या मूळ एलपीवर सातच गाणी आहेत. नंतरच्या सीडीवर ‘व्हॉट इन द वर्ल्ड’ आणि ‘हूडू मॅन’ जोडलेली मिळतात, आणि दोन्ही हवीतच. पहिल्या अल्बमची २०२१ची आणि ‘ड्यूस’ची २०२२ची पन्नाशीची आवृत्ती घेतली तर वाया गेलेले टेक आणि बीबीसीवरची मुद्रणं ऐकायला मिळतात. एकच गाणं तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कसं बदललं ते अभ्यासायला याहून चांगलं साधन नाही. पण त्यांत नवं मिक्स आहे, तेव्हा मूळ आवाजाशी ताडून बघायला जुनी प्रतही जवळ असू द्या. टेस्टसाठी २०१५चा ‘आय’ल रिमेंबर’ हा चार सीडींचा संच पुरेसा आहे. टेस्टच्या पहिल्या संचाची १९६७ मधली बेलफास्टची चाचणी-मुद्रणं वेगवेगळ्या नावांनी आणि वेष्टनांत विकली गेली आहेत. तोच माल दोनदा घेऊ नये म्हणून आधी गाण्यांची यादी ताडून पाहा. ‘आयरिश टूर’चा २०१४चा मोठा संच मात्र सगळ्यात शेवटी घ्या. त्यात तिन्ही शहरांतल्या मैफली वेगवेगळ्या ऐकता येतात, आणि ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ बेलफास्टला, डब्लिनला आणि कॉर्कला कसं वेगळं वाजलं ते एका बैठकीत समोरासमोर ठेवता येतं.